आकाशातून पडलेल्या कडीचा मालक कोण? रॉकेट, उपग्रह आणि आपले पाडे

गेल्या हिवाळ्यात मुरबाड तालुक्यातल्या एका गावी विहारात तरुणांची बैठक होती. विषय वनहक्क दाव्यांचा होता. सातच्या सुमारास बैठक आटोपली आणि आम्ही बाहेर चपला शोधत असताना एक मुलगा ओरडला, "ते बघा!" डोंगराच्या बाजूने दिव्यांची एक सरळ रांग वर चढत होती. आवाज नाही, लुकलुक नाही. कुणी म्हणाले ड्रोन आहेत, कुणी म्हणाले पाकिस्तानचे काहीतरी आहे, एकाने तर उडती तबकडी जाहीर करून टाकली. एक आजी शांतपणे म्हणाल्या, "आधी मोजा तरी किती आहेत ते." आम्ही एकवीसपर्यंत मोजले, तेवढ्यात रांग अंधारात विरली.

रात्री गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर व्हिडिओ फिरला आणि त्याखाली दहा प्रकारची स्पष्टीकरणे आली. कालाम सुत्ताचा दाखला आपण भाषणात नेहमी देतो. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, तपासून बघा. तो अशा वेळी उपयोगी पडायला हवा. म्हणून पुढच्या बैठकीत आम्ही हाच विषय घेतला. त्या बैठकीसाठी जे वाचले आणि मुलामुलींनी जे प्रश्न विचारले, त्यातून हा लेख झाला आहे.

ती रांग बहुधा स्टारलिंकच्या उपग्रहांची होती. एलॉन मस्क यांची स्पेसएक्स कंपनी २०१९ पासून एका रॉकेटमधून वीस-वीस, कधी साठ-साठ उपग्रह सोडते. सुरुवातीचे काही दिवस ते एकमेकांच्या मागे असतात, नंतर हळूहळू पांगून सुमारे ५५० किलोमीटर उंचीवर जातात. आपल्याकडे सूर्य मावळलेला असतो, पण तेवढ्या उंचीवर ऊन असते. त्या उन्हात ते चमकतात, म्हणून आपल्याला दिवे दिसतात. दीड-पावणेदोन तासांत ते पृथ्वीची एक फेरी पूर्ण करतात. आज या एकाच कंपनीचे सात हजारांहून अधिक उपग्रह वर फिरत आहेत. अॅमेझॉनचे येत आहेत, चीनचे येत आहेत. २०२४ या एका वर्षात जगभरातून अडीचशेहून अधिक रॉकेट सोडली गेली.

एवढे सगळे वर जाते, ते खाली कुठे येते? बैठकीत हा प्रश्न अकरावीतल्या एका मुलीने विचारला, आणि तिथूनच खरी चर्चा सुरू झाली.

लाडबोरीची संध्याकाळ

उत्तरासाठी अमेरिकेत जायची गरज नाही. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा दिवस. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भापासून मध्य प्रदेशापर्यंत लोकांनी आकाशात जळत जाणारे गोळे पाहिले. अनेकांना ती उल्का वाटली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची एक कडी येऊन पडली. व्यास सुमारे तीन मीटर, म्हणजे आपल्या घराच्या दारातून आत जाणार नाही एवढी. पुढच्या काही दिवसांत आसपासच्या भागात गोळे सापडले, दोरा गुंडाळल्यासारखे दिसणारे. ते रॉकेटमधल्या दाबाच्या टाक्या असतात. पोलिसांनी वस्तू ताब्यात घेतल्या, इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीला आले. अवकाशातल्या वस्तूंचा हिशोब ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितले की हा बहुधा चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा, फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेला. म्हणजे चौदा महिने तो अनाथासारखा फिरत होता आणि अखेर चंद्रपूरवर उतरला. कुणाला इजा झाली नाही. पाडव्याच्या संध्याकाळी गावात माणसे अंगणात, रस्त्यावर असतात, तरीही झाली नाही, एवढेच म्हणायचे.

हे कसे घडते ते समजून घेऊ. रॉकेट म्हणजे एकावर एक रचलेली इंजिने. खालचे इंजिन जळून संपले की सुटते आणि समुद्रात किंवा जमिनीवर पडते. वरचे टप्पे मात्र उपग्रहासोबत कक्षेपर्यंत जातात आणि काम झाले की तिथेच राहतात. वरची विरळ हवा त्यांचा वेग हळूहळू कमी करते. काही महिन्यांनी, काही वर्षांनी ते खाली येतात. बहुतेक भाग हवेत जळतो. टायटेनियमसारखे जास्त तापमान सोसणारे धातू, जाड कड्या, टाक्या जळत नाहीत. नियंत्रण नसले तर ते नक्की कधी आणि कुठे पडेल हे शेवटच्या तासांपर्यंत कुणालाच सांगता येत नाही, कारण एक मिनिटाची चूक म्हणजे साडेचारशे किलोमीटरचा फरक.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. इस्रोने श्रीहरिकोट्याहून रॉकेट सोडले की त्याचे तुकडे ठाणे जिल्ह्यात पडतील, असे नाही. ते पूर्व किनाऱ्यावरून समुद्राच्या दिशेने जाते आणि पहिले टप्पे समुद्रात पडतात. शहापूर-मुरबाडवरून जाणारा धोका वेगळा आहे. कक्षेत सोडून दिलेल्या, कुणाच्याही ताब्यात नसलेल्या टप्प्यांचा. आणि तो एका पाड्यापुरता बघितला तर अगदी किरकोळ आहे. वीज पडून, साप चावून, मुंबई-नाशिक महामार्ग ओलांडताना आपली माणसे जास्त मरतात. भीती पसरवायची नाही. पण धोका किरकोळ आहे म्हणजे तो न्याय्य आहे असे होत नाही.

२०२२ मध्येच नेचर अॅस्ट्रॉनॉमी या नियतकालिकात मायकेल बायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. हीच पद्धत चालू राहिली तर पुढच्या दहा वर्षांत अशा टप्प्यांमुळे कुणाचा तरी जीव जाण्याची शक्यता सुमारे दहा टक्के आहे, असे त्यांनी मांडले. त्याहून महत्त्वाचे त्यांचे दुसरे निरीक्षण. हे टप्पे ज्या कक्षांत सोडले जातात, त्यामुळे धोका सगळ्या जगावर सारखा पसरत नाही. ढाका, जकार्ता, लागोस यांच्या अक्षांशांवर तो न्यूयॉर्क, बीजिंग, मॉस्कोच्या अक्षांशांपेक्षा सुमारे तिप्पट आहे. रॉकेट सोडणारे एकीकडे, खाली राहणारे दुसरीकडे. समाजशास्त्र शिकताना मला विषमतेचे नकाशे जिल्ह्यांचे, वस्त्यांचे, पाणवठ्यांचे दाखवले गेले. आकाशाचाही असा नकाशा असू शकतो हे त्या अभ्यासातून कळले.

आणि भातसा-तानसाच्या काठावर राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. धरणे आपल्या तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि एप्रिल-मे आला की टँकरची वाट बघणारे हंडे आपल्या पाड्यांवर.

चीनला शिव्या देऊन विषय संपवणे सोपे आहे. बैठकीतही दोघा-तिघांनी तेच केले. त्यांना मी जुलै २०२३ ची बातमी वाचून दाखवली. पश्चिम ऑस्ट्रेलियात ग्रीन हेड नावाच्या गावाजवळ समुद्रकिनाऱ्यावर एक मोठे नळकांडे वाहून आले. ऑस्ट्रेलियाच्या अवकाश संस्थेने तपासून सांगितले की हा भारताच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा भाग असण्याची दाट शक्यता आहे. आपल्याकडे चीनची कडी, त्यांच्याकडे आपले नळकांडे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस केनियातल्या मुकुकू गावात सुमारे पाचशे किलोची कडी पडली. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत फ्लोरिडात एका घराच्या छपरातून अवकाश स्थानकाच्या सामानाचा तुकडा आत घुसला, त्या कुटुंबाने नासाकडे भरपाईचा दावा लावला. लाडबोरीतल्या शेतकऱ्याचे घर फुटले असते तर त्याने दावा कुणाकडे लावला असता?

कायदा असा आहे. १९७२ चा आंतरराष्ट्रीय दायित्व करार सांगतो की अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केले तर ती सोडणारा देश पूर्णपणे जबाबदार, चूक सिद्ध करायची गरज नाही. ऐकायला छान आहे. पण या कराराखाली दावा करतो देश, माणूस नाही. भारत सरकारने चीन सरकारकडे मागितले तरच. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस ९५४ उपग्रह कॅनडात कोसळला, किरणोत्सारी तुकडे शेकडो किलोमीटर विखुरले. कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले, हाती आले तीस लाख. कॅनडासारख्या देशाची ही कथा. आपल्याकडे तर देशांतर्गत अवकाश कायदाच नाही. २०१७ मध्ये अवकाश उपक्रम विधेयकाचा मसुदा आला, पुढे गेला नाही. त्यानंतर २०२० मध्ये खासगी कंपन्यांना दार उघडले, २०२३ मध्ये अवकाश धोरण आले, २०२४ मध्ये परकीय गुंतवणुकीची मर्यादा वाढवली. धंद्याचे नियम भराभर आले, नुकसानभरपाईचा कायदा मागे राहिला. हा क्रम आपल्याला ओळखीचा आहे.

जळून गेले म्हणजे संपले का?

कंपन्या म्हणतात, आमचे उपग्रह पूर्ण जळून जातात, खाली काही पडत नाही. स्टारलिंकचा एक उपग्रह साधारण पाच वर्षे चालतो, मग तो मुद्दाम खाली आणून जाळतात. सात हजार उपग्रह आणि पाच वर्षांचे आयुष्य, म्हणजे हे चक्र पूर्ण फिरू लागले की वर्षाला चौदाशे उपग्रह, रोजचे तीन-चार. चूल पेटवणाऱ्या कुणालाही विचारा, जळले म्हणजे नाहीसे झाले असे नसते, राख उरते.

इथे राख म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण. २०२४ मधल्या एका अभ्यासात अडीचशे किलोचा एक उपग्रह जळला की सुमारे तीस किलो असे कण तयार होतात, असा हिशोब मांडला आहे. त्याआधी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी उंच उडणाऱ्या विमानांतून स्थितांबरातले, म्हणजे ओझोनचा थर जिथे आहे तिथले कण गोळा केले. तिथल्या गंधकाम्लाच्या कणांपैकी सुमारे दहा टक्के कणांत रॉकेट-उपग्रहांतून आलेले धातू सापडले. या धातूंमुळे ओझोनचे नेमके किती नुकसान होईल यावर संशोधन चालू आहे.

वर जाणाऱ्या रॉकेटचाही वाटा आहे. केरोसीनवर चालणारी इंजिने काजळी सोडतात. विमाने दहा-बारा किलोमीटरवर उडतात आणि त्यांचा धूर पावसाबरोबर लवकर खाली येतो. रॉकेट काजळी त्याच्याही वर सोडते, तिथे पाऊस नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे राहते आणि ऊन शोषून तो थर तापवते. घन इंधनाच्या रॉकेटमधून क्लोरीनयुक्त वायू आणि पुन्हा अ‍ॅल्युमिनियमचे कण बाहेर पडतात. आपल्या पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात असे सुमारे १३८ टन इंधन असते. प्रामाणिकपणे सांगायचे तर आज जगातली सगळी रॉकेट मिळून विमानांच्या तुलनेत अगदी थोडे इंधन जाळतात. अडीचशे प्रक्षेपणांनी जग बुडत नाही. प्रश्न पुढच्या वीस वर्षांचा आहे, कारण कंपन्यांच्या कागदावर उपग्रहांची संख्या हजारांत नाही, लाखांकडे चालली आहे. ओझोनसाठी १९८७ मध्ये माँट्रियलला जगाने करार केला आणि तो बऱ्यापैकी यशस्वी झाला. त्या करारात रॉकेटचा धूर कुठेच नाही.

जमीन कुणाची गेली

मित्रांनो, आपल्याकडे इस्रोवर टीका म्हणजे देशावर टीका असे वातावरण आहे. चांद्रयान-३ उतरले त्या दिवशी, २३ ऑगस्ट २०२३ ला, मी एका आश्रमशाळेत होतो. मुलांसोबत मीही टाळ्या वाजवल्या, आणि आजही वाजवीन. चक्रीवादळाची आगाऊ सूचना मिळून किनाऱ्यावरचे हजारो जीव वाचतात ते उपग्रहांमुळेच. विज्ञान नको असे म्हणणारा बाबासाहेबांचा अनुयायी असूच शकत नाही. पण विज्ञानाच्या तळघरात कोण गाडले गेले, हे विचारणेही बाबासाहेबांनीच शिकवले.

श्रीहरिकोटा बेट ओसाड नव्हते. तिथे यानादी आदिवासी राहत होते. जंगल, मासे, मध, कंदमुळे यांवर जगणारे, आपल्या कातकऱ्यांची आठवण यावी असे लोक. १९६९ मध्ये जागा ठरली, सुमारे ४३ हजार एकर, आणि यानादींना बेट सोडावे लागले. त्याआधी केरळात थुंब्याला मच्छीमारांनी आपली घरे आणि चर्च दिले. तिथून २१ नोव्हेंबर १९६३ ला भारताचे पहिले रॉकेट उडाले, हे आपण शाळेत शिकतो. मच्छीमारांचे पुढे काय झाले हे शिकत नाही. आता तामिळनाडूत थुथुकुडी जिल्ह्यात कुलशेखरपट्टिणमला दुसरे प्रक्षेपण केंद्र होत आहे, दोन हजारांहून अधिक एकर जमीन, पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४. तोही किनारा मच्छीमारांचाच.

ओडिशातल्या बालियापालची गोष्ट मात्र कार्यकर्त्यांनी मुद्दाम वाचावी. १९८० च्या दशकाच्या मध्यात बालासोर जिल्ह्यातल्या या सुपीक पट्ट्यात क्षेपणास्त्र चाचणी केंद्र करायचे ठरले. विड्याच्या पानांचे मळे, भुईमूग, मासेमारी, घट्ट वस्ती. गावकऱ्यांनी रस्त्यांवर अडसर घातले, पहारे लावले. सरकारी गाडी दिसली की शंख आणि थाळ्या वाजायच्या आणि बायका-मुले रस्त्यावर येऊन बसायची. हे वर्षानुवर्षे चालले आणि केंद्र तिथे झाले नाही. थाळी वाजवणे हा प्रकार देशाने २०२० मध्ये पाहिला असे ज्यांना वाटते, त्यांनी बालियापाल वाचावे.

शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडची काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. भूसंपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत हा पेसाचा नियम इथे लागू आहे. तरी समृद्धी महामार्गाच्या वेळी आणि त्याआधी धरणांच्या वेळी किती लोकांना खरोखर विचारले गेले, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐका. म्हणून यानादींची गोष्ट मला लांबची वाटत नाही.

बुद्धाचे नाव आणि बॉम्ब

आता लष्करी बाजू. रॉकेट आणि क्षेपणास्त्र ही सख्खी भावंडे आहेत. वर उपग्रह ठेवला तर रॉकेट, बॉम्ब ठेवला तर क्षेपणास्त्र. १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला, प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम होते. पुढे तेच क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे प्रमुख झाले आणि १९८९ मध्ये उडालेल्या पहिल्या अग्नीचा खालचा टप्पा एसएलव्ही-३ वरूनच घेतलेला होता. यात लपवाछपवी काही नाही, अभिमानाने सांगितले जाते.

आज नौदलासाठी वेगळा उपग्रह आहे, हवाई दलासाठी वेगळा. २०१९ मध्ये संरक्षण अवकाश संस्था उभी राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ५२ टेहळणी उपग्रहांना मंजुरी मिळाल्याच्या बातम्या आल्या, खर्च सुमारे २७ हजार कोटी रुपये, त्यातले ३१ उपग्रह खासगी कंपन्या बनवणार. युक्रेनच्या युद्धात स्टारलिंकवर सैन्याचे दळणवळण चालले. एक खासगी मालक युद्धभूमीवर इंटरनेट कुठे चालेल आणि कुठे नाही हे ठरवू शकतो, हे जगाने तेव्हा पाहिले.

आणि २७ मार्च २०१९. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू असताना पंतप्रधानांनी दूरचित्रवाणीवर येऊन सांगितले की भारताने क्षेपणास्त्राने स्वतःचाच एक उपग्रह फोडला. मिशन शक्ती. उपग्रह सुमारे तीनशे किलोमीटर उंचीवर होता. उंची कमी, म्हणून तुकडे काही आठवड्यांत खाली येतील, असे सांगण्यात आले. बरेचसे आलेही. काही मात्र वरच्या कक्षांत फेकले गेले आणि वर्षाहून अधिक काळ फिरत राहिले. नासाच्या तत्कालीन प्रमुखांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. नासाने बोलावे हे मला थोडे गमतीचे वाटते, कारण अमेरिकेने १९८५ आणि २००८ मध्ये हेच केले होते. चीनने २००७ मध्ये साडेआठशे किलोमीटरवर फोडले, मागोवा घेता येतील असे तीन हजारांहून अधिक तुकडे झाले आणि त्यातले बरेच आजही वर आहेत. रशियाने नोव्हेंबर २०२१ मध्ये फोडले तेव्हा अवकाश स्थानकातल्या माणसांना, त्यात रशियाचेही होते, जीव वाचवायला परतीच्या यानात जाऊन बसावे लागले.

१९६७ चा अवकाश करार कक्षेत अण्वस्त्रे आणि इतर सामूहिक संहाराची शस्त्रे ठेवायला मनाई करतो. इतर शस्त्रांबद्दल तो गप्प आहे. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत असा ठराव आला की देशांनी उपग्रह फोडणाऱ्या अशा चाचण्या करू नयेत. १५५ देशांनी बाजूने मत दिले. चीन, रशियासह नऊ देश विरोधात गेले. भारत तटस्थ राहिला. ठराव अमेरिकेच्या सोयीचा होता, तिच्या चाचण्या आधीच झाल्या होत्या, हा आक्षेप खरा आहे. तरी ज्या देशाच्या राष्ट्रध्वजावर अशोकाचे धम्मचक्र आहे, त्याने तटस्थ का राहावे, याची चर्चा संसदेत दूरच, आपल्या विहारांतही झाली नाही.

आपल्याला तर याचे जास्त वाटायला हवे. १९७४ च्या पोखरणच्या स्फोटाला 'हसरा बुद्ध' असे नाव चिकटले. १९९८ चा स्फोट ११ मे रोजी झाला, ती बुद्धपौर्णिमा होती. जगाला शस्त्राचा व्यापार टाळायला सांगणाऱ्या माणसाच्या नावाने शस्त्र. पाच निषिद्ध व्यापारांत शस्त्रांचा व्यापार सुत्तात पहिला येतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारणच बदलून लिहिले. म्हातारा, आजारी, प्रेत ही कथा त्यांनी नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला वाद पुढे आणला. सिद्धार्थ संघाच्या सभेत उभा राहतो, युद्धाला विरोध करतो, दोन्ही बाजूंची माणसे निवडून तोडगा काढा म्हणतो, आणि मतदानात हरतो. पाण्याचे भांडण आणि सभेतले मत. शहापूरच्या माणसाला यापेक्षा जवळचे काय असू शकते?

याच बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देताना हिशोब मांडला होता की साडेतीनशे कोटींच्या महसुलातले सुमारे १८० कोटी लष्करावर जातात. त्यांचा रोख परराष्ट्र धोरणावर होता, मित्र नसल्यामुळे सैन्य पोसावे लागते असे त्यांचे म्हणणे होते. ते भाबडे शांतिवादी नव्हते, संरक्षण नको असे ते कधीच म्हणाले नाहीत. पण पैसे कुठे जातात हे विचारणे त्यांनी देशद्रोह मानले नाही.

इथे बैठकीत एक अडचणीचा प्रश्न आला, तो गाळून पुढे जाणे बरे नाही. आयटीआय केलेल्या एका मुलाने विचारले, "दादा, विक्रोळीला गोदरेजमध्ये इस्रोच्या रॉकेटची इंजिने बनतात. तिथे नोकरी लागली तर घेऊ की नको?" सम्यक आजीविकेचे प्रवचन द्यायला माझी जीभ वळली नाही. त्याच्या घरी वीटभट्टीवर जाणारी आई आहे. मी म्हणालो, घे. उपग्रहाचे इंजिन आहे, आणि तुझ्या हाताला कौशल्य मिळेल. त्यावर त्याच अकरावीच्या मुलीने विचारले, "आणि क्षेपणास्त्राचं असेल तर?" मी उत्तर दिले नाही. अजून दिलेले नाही.

उपग्रह आपल्याकडेही बघतो

बैठक मुळात वनहक्काची होती, असे सुरुवातीला म्हटले. या दोन विषयांचा संबंध आहे. शहापूर-मुरबाडमधल्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांचे दावे तपासताना उपग्रहाची छायाचित्रे वापरली जातात. कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. वरून काढलेल्या जुन्या चित्रात झाडाखालची वरईची शेती, डोंगरउतारावरची नाचणी दिसतेच असे नाही. मग "चित्रात शेती दिसत नाही" म्हणून दावा अडतो. हे ध्यानात ठेवा: २०१२ च्या सुधारित नियमांनुसार उपग्रह छायाचित्र हा पूरक पुरावा आहे, इतर पुराव्यांची जागा ते घेऊ शकत नाही. ज्येष्ठांचे जबाब, पावत्या, स्थळपाहणी यांचे वजन कायम आहे. फक्त छायाचित्रावरून दावा फेटाळला असेल तर अपील करा. उलट काही ठिकाणी हीच चित्रे दावेदारांच्या बाजूनेही उभी राहिली आहेत. उपग्रह आपला शत्रू नाही. त्याचा कागद कुणाच्या हातात आहे, हा मुद्दा.

इंटरनेटचेही तसेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम यांसारख्या जिल्ह्यांतल्या दुर्गम भागांना जोडण्याची घोषणा झाली. आपला जिल्हा त्या नावांत नाही, पण घाटाखालच्या पाड्यांवरही रेंज नाही. रोजगार हमीची हजेरी मोबाइल अॅपवर, रेशनचे केवायसी मोबाइलवर, आणि रेंजसाठी माणूस टेकडीवर. अशा पाड्याला कुणी छपरावर तबकडी लावून इंटरनेट देत असेल तर ते नाकारा असे मी म्हणणार नाही. फक्त मुरबाडच्या धसईची आठवण ठेवा. डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून तिचे उद्घाटन झाले, कॅमेरे आले. नंतर धसईच्या बाजारात किती वेळा कार्ड घासले गेले ते बाजारवालेच सांगतील. टॉवर आणि ऑप्टिकल फायबर हे सरकारचे काम आहे. उपग्रह आला म्हणून ते काम सुटले असे होऊ देऊ नका, कारण टॉवरसाठी तहसीलवर मोर्चा नेता येतो. टेक्सासला नेता येत नाही.

शेवटी काही कामाच्या गोष्टी. जळलेली कडी, टाकी, गोळा, अनोळखी धातूचा तुकडा शेतात किंवा जंगलात सापडला तर हात लावू नका, भंगारात विकायला नेऊ नका, मुलांना दूर ठेवा. काही टाक्यांत हायड्राझिन नावाचे इंधन असते, ते कातडीला आणि श्वासाला विषारी आहे. लांबून फोटो काढा, पोलीस पाटील आणि तहसील कार्यालयाला कळवा, पंचनाम्याची प्रत मागा. पीक, घर, जनावर यांचे नुकसान झाले असेल तर ते पंचनाम्यात लिहून घ्या. देशाने उद्या दावा करायचा ठरवला तर त्याचा आधार तो कागदच असणार आहे. ग्रामसभेत आपत्ती व्यवस्थापनाचा विषय निघेल तेव्हा वीज आणि पुरासोबत हाही एका ओळीत नोंदवायला सांगा. लाडबोरीच्या लोकांना ती कडी काय आहे हे सांगणारे त्या रात्री जवळ कुणी नव्हते.

आमची पुढची बैठक पौर्णिमेनंतरच्या रविवारी आहे. दायित्व कराराचे सोपे मराठी टिपण त्या अकरावीच्या मुलीने तयार करायला घेतले आहे.